ठाण्यावरचं एकच दुकान: अमेरिकी सरहद्दीवरच्या सटलरचा हिशेब

अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये फोर्ट लॅरामी हे जुनं लष्करी ठाणं आहे. अमेरिकी सैन्याने ते १८४९ साली फरचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीकडून ४,००० डॉलरला विकत घेतलं, आणि त्याच वर्षी तिथे कच्च्या विटांचं एक दुकान उभं राहिलं. १८५२ साली त्याला दगडी बांधकाम जोडलं गेलं, १८८३ साली मागच्या अंगाला चुन्याच्या काँक्रीटचा भाग. ती इमारत आजही उभी आहे. तिथे दुकान चालवणारा माणूस सैनिक नव्हता, सरकारी नोकरही नव्हता. त्याला पगार नव्हता, हुद्दा नव्हता. तरी ठाण्यावरच्या शिपायाच्या पगारातला मोठा वाटा त्याच्या गल्ल्यात जायचा. त्याला म्हणत सटलर. १८६७ साली कायद्याने हे पद गेलं आणि त्याच जागी ‘पोस्ट ट्रेडर’, म्हणजे ठाण्याचा व्यापारी आला. पाटी बदलली, धंदा तोच राहिला.

सटलर म्हटलं की शिपायांना लुटणारा लबाड बनिया असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ते सगळं खोटं नाही. पण या धंद्याचा हिशेब नीट मांडला तर दिसतं, की महागाईचा बराचसा भाग दुकानदाराच्या स्वभावातून येत नव्हता. सरकारने त्याला दिलेल्या मक्त्यातून येत होता, आणि तो मक्ता कोणाच्या हातून मिळतो यावरून शिपायाला किती भुर्दंड बसणार हे ठरत होतं.

आधी शिपायाची गरज बघू. सैन्य त्याला जेवायला काय द्यायचं? पीठ किंवा पाव, खारवलेलं डुकराचं मांस किंवा गोमांस, घेवड्याचे दाणे, कॉफी, साखर, मीठ, व्हिनेगर. पोट भरायचं, पण महिनोन्‌महिने तेच. ताजी भाजी नाही, फळ नाही, त्यामुळे स्कर्व्हीसारखे आजार ठाण्यांवर ठाण मांडून असत. कपडे आणि बूट सरकारी. बाकी सगळं, म्हणजे तंबाखू, साबण, वस्तरा, सुई-दोरा, पत्र लिहायचा कागद, डब्यातली पीच किंवा टोमॅटो, हे त्याने आपल्या पैशाने घ्यायचं. आणि जवळचं गाव? बऱ्याच ठाण्यांना गावच नव्हतं. घोड्यावरून अनेक दिवस गेलात तरी दुसरं दुकान लागेलच याची खात्री नाही.

म्हणून सैन्याने प्रत्येक ठाण्यावर एका व्यापाऱ्याला परवाना दिला. एकालाच. दुसऱ्या कोणाला त्या हद्दीत दुकान टाकायची मुभा नाही. यालाच मक्ता म्हणायचं. बदल्यात व्यापाऱ्याने बरंच काही कबूल करायचं. ठाण्यावरच्या अधिकाऱ्यांची एक प्रशासकीय समिती असे. ती त्याच्या मालाचं भावपत्रक ठरवायची, म्हणजे निदान नियमाने तरी दुकानदार मनाला येईल तो भाव लावू शकत नव्हता. शिवाय ठाण्यावरच्या दर माणसामागे महिन्याला जास्तीत जास्त १० सेंट असा कर १८५०-६०च्या सुमारास त्याच्याकडून घेतला जाई. हा पैसा वॉशिंग्टनला जात नसे. तो ठाण्याच्या निधीत पडायचा आणि त्यातून पाव भाजायची भट्टी, शाळा, वाचनालय, बँड असले खर्च भागायचे. मला ही व्यवस्था मोठी गमतीची वाटते. शिपायाला वाचायला मिळणारं पुस्तक त्यानेच महागात घेतलेल्या तंबाखूतून आलेलं असायचं.

आता भाव. माल मिसुरी नदीच्या काठापर्यंत बोटीने येई. तिथून पुढे बैलगाड्या. मिसुरीकाठच्या फोर्ट लेव्हनवर्थपासून फोर्ट लॅरामी सुमारे ६०० मैल. सहा जोड्या जुंपलेली एक जड गाडी पाच-सहा हजार पौंड माल ओढायची आणि दिवसाला बारा ते पंधरा मैल काटायची. म्हणजे काही अडलं नाही तरी दीड महिना. बैल वाटेतल्या गवतावर जगणार, त्यामुळे गवत उगवल्यावर निघायचं आणि बर्फ पडायच्या आत पोचायचं. जे हवं ते त्या मोसमातच भरून ठेवावं लागे. व्यापाऱ्याने वसंतात पैसे ओतले, उन्हाळ्यात माल पोचला, हिवाळाभर तो थोडा थोडा विकला, आणि विकलेल्याचेही पैसे लगेच मिळाले नाहीत. भांडवल वर्षभर अडकून. वाटेत गाडी उलटली, नदी चढली, पीठ भिजलं, तर चाट त्यालाच. भाव पूर्वेकडच्या शहरांपेक्षा चढे असणार हे यावरून उघड आहे, आणि यात लबाडीचा प्रश्नच नाही.

पैसे लगेच का मिळत नसत? कारण शिपायाच्या हातात पैसा नसायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला, १८६१ साली, साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता. मधे तो १६ झाला आणि १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला परत १३ वर आला. नियमाप्रमाणे पगार दर दोन महिन्यांनी. प्रत्यक्षात पेमास्टरला, म्हणजे पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याला, पेटी घेऊन, पहाऱ्याची तुकडी सोबत घेऊन ठाण्याठाण्यावर फिरावं लागे. लांबच्या ठाण्यावर चार-चार, सहा-सहा महिने त्याचं तोंड दिसत नसे. तोवर शिपाई तंबाखू ओढणार कशाच्या जिवावर? उधारीच्या.

आणि इथेच सटलरच्या धंद्याची खरी मेख होती. साधा दुकानदार उधार देतो तेव्हा बुडीताची भीती त्याच्या मानगुटीवर असते. सटलरची उधारी मात्र थेट पगाराला बांधलेली असायची. पगाराच्या दिवशी काय व्हायचं ते डोळ्यांसमोर आणून बघा. टेबलामागे पेमास्टर, पुढ्यात नावांचा तक्ता. नाव पुकारलं की शिपाई पुढे येणार, सही करणार, ज्याला लिहिता येत नाही तो फुली मारणार. आणि जवळच सटलर किंवा त्याचा कारकून खातेवही उघडून बसलेला. कपडे धुणाऱ्या धोबिणीचं देणं निघणार, सटलरचं देणं निघणार, आणि मग जे उरेल ते शिपायाच्या हातावर. सहा महिने ज्या पैशाची वाट बघितली तो मोजून होईपर्यंत निम्मा झालेला असायचा, कधी त्याहून कमी.

सैन्याला हा धोका दिसत नव्हता असं नाही. त्या काळच्या लष्करी नियमांत एक कलम होतं: शिपायाच्या तुकडीच्या कप्तानाची लेखी परवानगी नसेल तर सटलरने शिपायाला एका महिन्यात त्याच्या मासिक पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त उधार द्यायचं नाही. १३ डॉलरच्या पगारावर हे साधारण सव्वाचार डॉलर होतात. पण चिठ्ठी देणारा कप्तान त्याच दुकानाच्या दुसऱ्या खोलीत, अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या खोलीत, संध्याकाळी पत्ते खेळत बसायचा. त्याचंही खातं त्याच वहीत. आता तो किती कडक राहणार, तुम्हीच ठरवा.

सुट्या नाण्यांचा दुष्काळ हा आणखी एक प्रकार. त्यावर सटलरांनी स्वतःची टोकनं काढली, पितळेची किंवा जाड कागदाची, वर दुकानदाराचं नाव आणि किंमत. शिपायाला उधारीत ही टोकनं मिळायची. ती फक्त त्याच दुकानात चालणार. शिपायाची बदली झाली की खिशातलं टोकन म्हणजे पितळेचा तुकडा. आज संग्राहक ही टोकनं चांगले पैसे मोजून घेतात, ज्यांच्या खिशात ती अडकली त्यांना मात्र कोणी विचारलं नाही.

यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, हा धंदा प्रमाणाबाहेर फुगला. सरहद्दीवरच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या विरळ वस्तीच्या मुलखातल्या, ठाण्याऐवजी आता प्रत्येक पलटणीमागे एक सटलर तंबू घेऊन चालू लागला. भावांची ओरड झाली, शिपायांनी तंबू लुटल्याचे प्रकार झाले, आणि मार्च १८६२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून सटलरने काय विकायचं याची यादीच ठरवली. ती यादी वाचण्यासारखी आहे. संत्री, लिंबं, अंजीर, लोणी, चीज, काकवी, मेणबत्त्या, वर्तमानपत्रं, पुस्तकं, तंबाखू, चिलमी, काड्यापेट्या, बुटाचं पॉलिश, दात घासायचे ब्रश, जाड दातांचे आणि बारीक दातांचे कंगवे, वस्तरे, दाढीचा साबण, बुटाच्या नाड्या, सुया, दोरा, पेन्सिली. दारू नाही. पगारातून उधारी कापून घ्यायचा हक्कही एक षष्ठांशावर आणला, म्हणजे १३ डॉलरमागे दोन डॉलर आणि वर थोडे सेंट. सैनिकाचं आयुष्य कसं होतं हे कळायला मोठमोठ्या लढायांच्या वर्णनांपेक्षा मला ही यादी जास्त उपयोगी वाटते.

युद्ध संपल्यावर काँग्रेसने मुळावरच घाव घातला. जुलै १८६६ च्या कायद्याने सटलर हे पद १ जुलै १८६७ पासून रद्द. त्याच्या जागी सैन्याच्या रसद खात्याने शिपायांना वस्तू खरेदीच्या भावात विकायच्या असं ठरलं. ऐकायला झकास. पण सरहद्दीवर ते लगेच जमणारं नव्हतं, आणि काँग्रेसलाही ते कळलं. १८६७ मध्येच शंभराव्या रेखांशापासून कॅलिफोर्नियाच्या पूर्व हद्दीपर्यंतच्या ठाण्यांवर व्यापाऱ्यांना परत परवानगी मिळाली. त्या ठाण्यांवरून स्थलांतरितांचे तांडे जात होते, त्यांनाही माल हवा होता. म्हणजे जिथे मक्ता सगळ्यात घट्ट बसत होता तिथेच तो परत आला.

इथे व्यापाऱ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ठाण्याचा व्यापारी फक्त शिपायांवर जगत नसे. फोर्ट लॅरामीवरून ओरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे जाणारे हजारो लोक जात, त्यांना पीठ, जोडे, दोर, औषध काहीतरी लागतंच. आसपासच्या मूळ अमेरिकी जमातींशी कातड्यांचा व्यापार असे, त्याला वेगळा परवाना लागे. सेथ वॉर्ड हा १८५७ पासून पुढची बरीच वर्षं लॅरामीचा सटलर होता आणि या सगळ्यातून तो गब्बर झाला. फोर्ट ब्रिजर या दुसऱ्या ठाण्यावर विल्यम कार्टर १८५७-५८च्या हिवाळ्यात सैन्याबरोबर आला आणि १८८१ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. दुकान, गुरं, सैन्याला गवत-लाकूड पुरवायची कंत्राटं, शिवाय न्यायाधीशपद. लोक त्याला ‘जज कार्टर’च म्हणत. युनियन पॅसिफिक रेल्वे आली तेव्हा जवळच्या स्थानकाला त्याचंच नाव मिळालं. अशा माणसाला नुसता दुकानदार म्हणणं अपुरं आहे. शे-दोनशे मैलांत बँक, टपाल कचेरी, बातमीपत्र आणि सावकार, सगळं तोच.

मक्ता इतका मोलाचा असेल तर तो देण्याचा अधिकारही मोलाचा होतो. १८७० पर्यंत या नेमणुकांत लष्करी अधिकाऱ्यांचा शब्द चालत होता. त्या वर्षीच्या जुलैत काँग्रेसने कायदा करून ठाण्यांचे व्यापारी नेमायचा अधिकार युद्धमंत्र्याच्या हातात दिला. हे पद तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या मंत्रिमंडळातल्या विल्यम बेल्कनॅप यांच्याकडे होतं.

फोर्ट सिल, म्हणजे आजच्या ओक्लाहोमातलं, १८६९ साली वसवलेलं ठाणं. तिथे जॉन इव्हान्स नावाचा व्यापारी आधीच दुकान टाकून बसला होता, माल भरलेला, इमारत बांधलेली. बेल्कनॅप यांच्या पत्नी कॅरिटा यांच्या ओळखीने न्यूयॉर्कच्या केलेब मार्श याला त्या ठाण्याचा मक्ता द्यायचं ठरलं. मार्शला त्या रानात जाऊन तंबाखू विकण्यात काडीचा रस नव्हता. इव्हान्स कात्रीत सापडला: मक्ता गेला तर सगळा माल आणि बांधकाम मातीमोल. शेवटी दोघांत करार झाला. इव्हान्सने जागेवर राहायचं, नेमणूक त्याच्याच नावाची, आणि त्याने मार्शला वर्षाला १२,००० डॉलर द्यायचे, दर तिमाहीला आगाऊ. मार्श त्यातला निम्मा हप्ता बेल्कनॅप यांच्या घरी पोचवायचा. कॅरिटा १८७० च्या डिसेंबरात वारल्या. हप्ते थांबले नाहीत. १८७३ मध्ये बेल्कनॅप यांनी कॅरिटाच्या बहिणीशी लग्न केलं, तरी पैसे येतच राहिले. एकूण रक्कम २०,००० डॉलरच्या आसपास गेली.

१२,००० डॉलर म्हणजे किती? १३ डॉलरने शिपायाचा वर्षाचा पगार १५६ डॉलर होतो. म्हणजे सुमारे ७७ शिपायांचा अख्ख्या वर्षाचा पगार. ही रक्कम इव्हान्स पदरची कशाला देईल? ती भावात चढली. बैलगाडीचं भाडं, वर्षभर अडकलेलं भांडवल, वाटेतली नासधूस आणि निधीचा कर यांच्यावर आता पाचवा खर्च आला, आणि या पाचव्यातून शिपायाला साबणाची वडीसुद्धा जास्त मिळत नव्हती. १० सेंटांच्या करातून निदान पाव भाजायची भट्टी तरी यायची. या पैशातून वॉशिंग्टनमधल्या मेजवान्या झाल्या.

ठाण्याचे कमांडर बेंजामिन ग्रीअर्सन यांनी चढ्या भावांबद्दल वर कळवलं. फेब्रुवारी १८७२ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये हा प्रकार छापूनही आला. परिणाम? व्यापाऱ्याने स्वतः ठाण्यावर राहूनच धंदा करावा, पोटमक्ता देऊ नये अशी ताकीद निघाली, आणि फोर्ट सिलचा हप्ता १२,००० वरून ६,००० झाला. बंद झाला नाही.

चार वर्षांनी, १८७६ च्या फेब्रुवारीअखेर, मार्शने प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सगळं ओकून टाकलं. समितीचे अध्यक्ष हीस्टर क्लायमर हे बेल्कनॅप यांचे कॉलेजातले खोलीसोबती, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता. २ मार्चला सकाळी बेल्कनॅप धावतपळत ग्रँट यांच्याकडे गेले आणि राजीनामा दिला. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने एकमताने महाभियोग मंजूर केला. सिनेटमध्ये खटला चालला. राजीनामा दिलेल्या माणसावर महाभियोग चालवता येतो का, यावर आधी मतदान झालं आणि ३७ विरुद्ध २९ मतांनी ‘येतो’ असं ठरलं. पण १ ऑगस्टला दोषी ठरवायची वेळ आली तेव्हा पाचांपैकी एकाही आरोपावर ३७ च्या पुढे मतं गेली नाहीत. दोन तृतीयांश भरले नाहीत, बेल्कनॅप सुटले. विरोधात मत देणाऱ्या कित्येकांचं म्हणणं एवढंच होतं, की हा माणूस आता मंत्रीच नाही तर आमचा अधिकार संपला.

या चौकशीत जॉर्ज कस्टर या लष्करी अधिकाऱ्याचीही साक्ष झाली. मिसुरी नदीकाठच्या ठाण्यांवर व्यापारी कसे नेमले जातात याबद्दल ते बोलले. त्यातलं बरंचसं ऐकीव होतं आणि ग्रँट यांच्या भावाचं नावही त्यात आलं. ग्रँट भडकले. सू या मूळ अमेरिकी लोकांविरुद्धच्या मोहिमेचं नेतृत्व कस्टर यांच्याकडून काढून घेतलं गेलं आणि बऱ्याच मनधरणीनंतर त्यांना जनरल टेरी यांच्या हाताखाली फक्त आपली सातवी घोडदळ पलटण घेऊन जायची परवानगी मिळाली. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी ते मारले गेले. काही जण या साक्षीला थेट त्या मृत्यूशी जोडतात. मला ते ओढूनताणून वाटतं.

घोटाळ्यानंतर लगेच, जुलै १८७६ मध्ये कायदा बदलला. एका ठाण्यावर एकच व्यापारी हे तसंच ठेवलं, पण नेमणुकीसाठी ठाण्यावरच्या अधिकारी समितीची शिफारस आणि कमांडरची संमती लागणार. म्हणजे ज्यांना त्या दुकानातून रोजचा माल घ्यायचा आहे त्यांचा शब्द पुन्हा मोजला जाऊ लागला.

व्यापाऱ्याचं वैभव मात्र ओसरत चाललं होतं. रेल्वेमुळे वाहतूक स्वस्त झाली आणि गावं ठाण्यांच्या जवळ आली. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं म्हटल्यावर मक्त्याला अर्थ किती राहणार? त्यात दारूचा फटका. सटलरला दारू विकायला १८३२ पासून नियमाने बंदी होती, पण व्यापाऱ्यांच्या काळात ती कमांडरच्या मर्जीने राजरोस विकली जात होती. फेब्रुवारी १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी लष्करी ठाण्यांवर मादक मद्याच्या विक्रीला मनाई केली. बिअर आणि सौम्य वाइन पुढे चालत राहिली, पण नफ्याचा मोठा झरा आटला. ज्यांना कडक दारूच हवी होती ते हद्दीबाहेरच्या अड्ड्यांवर जात. लॅरामीजवळचा थ्री माइल रँच त्यांतलाच एक, नावाप्रमाणे ठाण्यापासून साधारण तीन मैलांवर.

आणि सगळ्यात मोठी जोखीम, जी सुरुवातीपासून होती: ठाणंच बंद झालं तर? जॉन हंटन १८८८ साली फोर्ट लॅरामीचा व्यापारी झाला. दोन वर्षांत, १८९० मध्ये, सैन्याने ठाणं सोडलं. गिऱ्हाईक एका झटक्यात गेलं. हंटनने लिलावात ठाण्याच्या काही इमारती विकत घेतल्या आणि पुढे कितीतरी वर्षं तो तिथेच राहिला.

दरम्यान सैन्यात नवी कल्पना मूळ धरत होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या व्हँकुव्हर बॅरॅक्स या ठाण्यावर १८८०च्या सुमारास कर्नल हेन्री मॉरो यांनी शिपायांसाठी एक कँटीन काढलं, जिथे खाणं, बिअर, वाचायला वर्तमानपत्रं मिळत आणि नफा व्यापाऱ्याकडे न जाता शिपायांवरच खर्च होई. १८८९ मध्ये अशा कँटीनांना अधिकृत मान्यता मिळाली. व्यापारी असलेल्या ठाण्यावर कँटीन काढायला अडचणी होत्या, पण १८९३ च्या कायद्याने ठाण्याच्या व्यापाऱ्याचं पदच गेलं. २५ जुलै १८९५ च्या आदेशाने सर्व ठाण्यांसाठी ‘पोस्ट एक्स्चेंज’ची व्यवस्था झाली. दुकान अजूनही ठाण्यावर एकच होतं, फक्त त्याचा नफा आता तुकड्यांच्या निधीत जमा होत होता. अमेरिकी सैनिक आजही ज्या दुकानाला ‘पीएक्स’ म्हणतात, त्याची सुरुवात त्या आदेशापासून धरली जाते.